धूर कुणाच्या खात्यावर?

विजेची गाडी की पेट्रोलची, हा शौकिनांमधला वाद बहुधा वेग आणि खर्चावर चालतो. त्याच्या तळाशी मात्र हिंसेचा जुना प्रश्न आहे. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसा तीन प्रकारची मानली आहे: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. जैन आचारशास्त्रातही हाच भेद आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला निघालेल्या पेट्रोल गाडीचा धूर तिच्याच मागे राहतो. ती केलेली हिंसा. वीजगाडीला धूर नसतो, पण राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते, म्हणून तिची हिंसा करवलेली ठरते. मराठवाड्यात हे धुराडे लांब नाही, परळीलाच आहे. तिथले औष्णिक केंद्र 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वीजही पाणी पिते, हे या भागाइतके कुणाला कळणार?

तरी दोन्ही पारडी समान नाहीत. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा भाग इंजिनाच्या उष्णतेतच वाया जातो. विजेची मोटर मिळालेली बहुतेक ऊर्जा चाकांना देते. शिवाय वीज उन्हापासूनही करता येते.

राहतो आनंद. गिअर बदलताना हाताला जाणवणारी इंजिनाची लय शौकिनांना प्रिय असते, आणि ती ओढ खोटी नाही. पण दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालताना पूजा होते ती उपयोगी पडणाऱ्या यंत्राची. त्यासाठी इंजिनाचा आवाज लागत नाही.