समोरचा गडी आणि आपली वाणी

परवा हरिनाम सप्ताहाच्या निमित्ताने उलव्यास जाणे झाले. पनवेल-उरणाकडच्या आगरी-कोळी गावांतून वारी आणि सप्ताह पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. आता त्या गावांच्या अंगाला उंच उंच इमारती उभ्या राहिल्या, विमानतळाकरिता उलव्याची टेकडी सपाट झाली, 2018 च्या नोव्हेंबरपासून खारकोपरपर्यंत लोकलही धावू लागली. आमचा मुक्काम अशाच एका इमारतीत अकराव्या मजल्यावर होता. तेथे लिफ्टमध्ये शेजारी उभ्या राहणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नसते. पण यजमानांचा चौदा वर्षांचा नातू मोबाईलवर ब्राझीलच्या कोणा माणसाशी बुद्धिबळ खेळत बसला होता.

पोर डाव हरला आणि त्याने दोन्ही अंगठ्यांनी भराभर काही लिहिले. वडिलांनी मागून वाचले. लिपी इंग्रजी, पण शिवी अस्सल मराठी! घरात ओरडा झाला, मोबाईल काढून घेण्यापर्यंत गोष्ट आली. तेव्हा पोर आमच्याकडे वळून म्हणाला, "महाराज, त्याला मराठी कुठं कळतं? कळलीच नाही, तर शिवी लागली कशी?"

वाचकहो, आम्ही क्षणभर गप्पच झालो. पाठशाळेत एखाद्या नैयायिकाने घालावा असा हा पेच आहे. ऐकणाऱ्यास अर्थबोध झाला नाही तर शब्द वाया गेला, हे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. (भाषांतर करणारी यंत्रे आता ज्याच्या त्याच्या खिशात आहेत, हे पोर सोयीस्करपणे विसरला होता, ते असो.) परंतु हा हिशेब अर्धाच आहे. आपल्या शास्त्रात वाणीची चार स्थाने सांगितली आहेत : परा, पश्यन्ती, मध्यमा आणि वैखरी. शब्द बाहेर पडतो तो चौथ्या दारातून. त्याआधी तो आतल्या तीन खोल्यांत हिंडून आलेला असतो. ब्राझीलच्या माणसास शिवी पोहोचली नसेल, मान्य. पण पोराच्या आत ती निजली, उठली, तयार होऊन बाहेर निघाली, त्याचे काय? तिचा पहिला श्रोता तोच.

आणि हे लिहून बोलणे म्हणजे आणखी एक विचित्र गोष्ट आहे. तोंडाने बोलताना समोरचा चेहरा आपली जीभ धरतो. डोळ्यांत पाणी दिसले की अर्धा शब्द गिळला जातो. येथे चेहराच नाही. एक टोपणनाव आणि एक निशाण, एवढाच काय तो माणूस. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना माउलींनी चालणे, पाहणे यांबरोबर बोलण्याचीही अहिंसा सांगितली आहे. शब्द निघण्यापूर्वी मनाचा ओलावा समोरच्यापर्यंत गेला पाहिजे, असा तेथला भाव आहे. समोरचा दिसतच नाही तेव्हा तो ओलावा कोठे जावा? कठीण आहे खरे.

खेळच नको, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तुकोबांनी विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी या खेळांवर अभंग रचले. फुगडी एकट्याने होत नाही. समोरच्याने हात सोडला तर दोघेही पडतात. बुद्धिबळाचेही तेच. विरुद्ध बाजूचा गडी आपला वेळ, आपली बुद्धी खर्चून आपल्याला खेळ देतो, आणि जिंकला म्हणून शिवी खातो!

यावर पोराच्या थोरल्या भावाने एक मजेची गोष्ट सांगितली. हार्थस्टोन नावाचा पत्त्यांचा एक खेळ आहे. त्यात भांडणे नकोत म्हणून प्रतिस्पर्ध्याशी मनाचे काही लिहिताच येत नाही. चार-सहा ठरीव बोल तेवढे मिळतात. त्यांत 'क्षमा करा' असाही एक बोल होता. लोक समोरच्याला हाणून वर कुत्सितपणे तोच वापरू लागले. शेवटी 2016 साली कंपनीने तो काढला आणि त्या जागी 'वाहवा' अशा अर्थाचा शब्द ठेवला. म्हणजे शब्द सोज्वळ, पण वापर विषारी. साहित्यशास्त्रात यालाच विपरीत लक्षणा म्हणतात. तोंडी बोलण्यात निदान आवाजाच्या चढउतारावरून, ज्याला काकु म्हणतात त्यावरून, खरेखोटे ओळखू येते. लिहिलेल्या अक्षराला आवाज कोठला?

पोराला हे सांगत असताना आमचेच एक पाप आठवले. पस्तीस वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात आदल्या रात्रीच्या कीर्तनकारांचे एक संस्कृत रूप चुकले होते. दुसऱ्या दिवशी नारदाच्या गादीवर उभे राहून आम्ही म्हणालो, "कालच्या महाराजांनी पाणिनीवर फार उपकार केले!" मंडप हसला. ते खाली टाळकऱ्यांत बसले होते. कीर्तनात श्रोत्याने उत्तर द्यायचे नसते, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणूनच तर बोलण्याचे धैर्य झाले. कीर्तन संपल्यावर रिवाजाप्रमाणे ते येऊन आमच्या पाया पडले. दोन वर्षांनी ते वारले. आमचे बोलणे राहूनच गेले. त्या पोराला शिवी कळत नाही अशा माणसाची आड होती, आम्हांला गादीची. फरक असलाच तर आमच्याच विरुद्ध जाईल.

पोर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग त्याला आता सॉरी लिहू? पण त्याला वाटेल, मी टोमणाच मारतोय."

याचे उत्तर आम्हांस लगेच सुचले नाही. मनातल्या मनात पश्चात्ताप केला तर आपले अंतःकरण धुतले जाते, पण दुसऱ्याचे देणे तसेच उरते. ते आम्ही पस्तीस वर्षे अनुभवतो आहोत. म्हणून म्हटले, "नुसता एक शब्द लिहू नकोस. कशाबद्दल, ते सगळे लिही. आणि डावात त्याचे काय चांगले होते तेही लिही."

झालेल्या डावांची यादी त्या मोबाईलमध्ये राहते. त्यातून त्याने तो गडी शोधला. हरल्याच्या रागात आपल्या भाषेत वाईट शब्द लिहिला, आणि शेवटची घोड्याची चाल फार छान होती, असे इंग्रजीत लिहिले. भावाने स्पेलिंग सुधारले. रात्री कीर्तन आटोपून आम्ही परतलो तेव्हा पोर जागाच होता. उत्तर आले नव्हते.