सात अक्षरं, सहा ओळी

बाबा रोज सकाळी सातच्या सुमारास व्हॉट्सॲपवर सात इंग्रजी अक्षरं पाठवतात. त्यातलं एक ठळक केलेलं असतं. ठळक अक्षर शब्दात आलंच पाहिजे, या सातांबाहेरचं काही चालणार नाही, एक अक्षर कितीही वेळा वापरा, शब्द किमान चार अक्षरी हवा. सातही अक्षरं वापरणारा लांबलचक शब्द सापडला की दिवस सार्थकी. न्यू यॉर्क टाइम्सच्या 'स्पेलिंग बी' कोड्याची ही आमची घरगुती आवृत्ती. बाबा निवृत्त शिक्षक, कऱ्हाडला असतात, हयात इंग्रजी शिकवण्यात गेली. मी हिंजवडीत कोड लिहिते. 'जेवलीस का' आणि 'पाऊस आहे का' यापलीकडे आमचं फोनवर फारसं बोलणं नसायचं. या खेळामुळे ते सुरू झालं.

मार्चमधल्या एका मंगळवारी अक्षरं आली: पी, एल, ए, वाय, आय, एन आणि ठळक जी. मला बसमध्येच 'प्लेइंग' दिसला. बाबांचं उत्तर आलं, "छान. पण माझ्याकडे याहून मोठा आहे."

ऑफिसात मीटिंग सुरू होती, लॅपटॉप उघडाच होता. 'एनेबल' नावाची एक यादी इंटरनेटवर फुकट मिळते, त्यात सुमारे पावणेदोन लाख इंग्रजी शब्द आहेत. मी पायथनमध्ये सहा ओळी लिहिल्या. एकेक शब्द घ्यायचा, त्यातली अक्षरं या सातांत बसतात का बघायचं, जी आहे का बघायचं, उरतील ते लांबीप्रमाणे लावायचे. चहात साखर ढवळायलाही याहून जास्त वेळ लागतो. सगळ्यात वर आला 'अपॉलिंगली'. अकरा अक्षरं! मी तो पाठवून दिला.

बाबांच्या मनात होता 'अप्लाइंग', आठ अक्षरी. त्यांचा लगेच फोन. "अगं, हा मला सुचलाच नव्हता!" त्यांनी तो तारखेसकट वहीत लिहिला, पुढे माझं नाव. अपॉलिंगली म्हणजे लाज वाटावी इतक्या वाईट प्रकारे. अर्थाकडे माझं तेव्हाच लक्ष जायला हवं होतं.

पुढचे दीड महिने मी रोज त्या सहा ओळी चालवल्या.

स्वतःला समजावायला माझ्याकडे बरंच काही होतं. यात पैसे नाहीत, बक्षीस नाही, कुणाचं नुकसान नाही. बाबाही डिक्शनरी उघडतातच. शिवाय प्रोग्राम मीच लिहिला, म्हणजे शब्द मीच शोधला. दुर्बिणीतून तारा पाहिला तर तो मी पाहिला नाही असं कोण म्हणेल? हा शेवटचा युक्तिवाद मला अजूनही पूर्ण खोडता येत नाही. हजारो शब्द चाळणारी चाळणी बनवणं हेही कौशल्यच आहे, त्याचा मला पगार मिळतो.

मग वाटलं, खोट कदाचित अर्थात असेल. मला ते शब्द 'येत' नव्हते, फक्त सापडत होते. पण इथे नायजेल रिचर्ड्स आडवा येतो. न्यूझीलंडचा हा स्क्रॅबलपटू 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्याने फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती, अर्थाशिवाय. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही त्याने तेच केलं. त्याला कुणी लबाड म्हणत नाही, म्हणूही नये. म्हणजे अर्थ कळणं ही अट नाहीच.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 1978 च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे. ती माझ्या शब्दांत सांगायची तर, खेळणं म्हणजे गरज नसलेले अडथळे आपखुशीने ओलांडू पाहणं. गोल्फचा चेंडू हाताने उचलून भोकात टाकता येतो. तसं केलं तर चेंडू भोकात जातो, पण गोल्फ होत नाही. आमच्या धंद्यात मात्र लांबचा रस्ता धरणारा मूर्ख ठरतो. जो लूप टाळता येतो तो टाळायचाच. मला बहुधा लांबच्या रस्त्याने जाण्याची सवयच उरली नव्हती.

आणि तरीही सहा ओळी लिहिणं ही लबाडी होती असं मला वाटत नाही. "प्रोग्रामने शोधला" असं मी त्याच मेसेजमध्ये लिहिलं असतं तर तो आमचा दुसरा एखादा खेळ झाला असता, कदाचित जास्त मजेचा. लबाडी होती ती बाबांच्या फोनवर "हो, सुचला पटकन" म्हणण्यात.

नुकसान कुणाचंच नाही, हेही खोटं निघालं. मेच्या सुरुवातीला आईचा फोन आला. "तुझे बाबा रात्री बारा-बारा वाजेपर्यंत ती पुठ्ठा निघालेली डिक्शनरी घेऊन बसतात. तुला अडेल असा शब्द शोधतायत म्हणे." चष्म्याचा नंबर वाढलेला माणूस पावणेदोन लाख शब्दांच्या फाइलशी झुंजत होता, आणि आपण मुलीशी खेळतोय असं त्याला वाटत होतं.

त्या शनिवारी कऱ्हाडला गेले आणि लॅपटॉप उघडून दाखवला. बाबांनी चष्मा वर करून सहा ओळी वाचल्या. "यात शब्द कुठे आहेत?" मी फाइल उघडून दाखवली. ते बराच वेळ ती खालीवर करत राहिले. मग वही काढली आणि 'अपॉलिंगली'पुढचं माझं नाव खोडून तिथे 'मशीन' लिहिलं. त्यानंतरच्या प्रत्येक पानावर तेच केलं. एक शब्दही न बोलता. मी समोर बसून होते. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

पुढचे नऊ दिवस सकाळी काहीच आलं नाही.

दहाव्या दिवशी आली अक्षरं: सी, ओ, एन, आय, डी, ई आणि ठळक एफ. खाली लिहिलं होतं, "माझा दहा अक्षरी आहे."

आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत. मी 'कन्फाइन्ड'पर्यंत पोचले आहे. आठच होतात.