पत्ता बदलला की

इंग्लंडमध्ये कुणी अपंग माणूस घर बदलायचं म्हणाला, की भाडं किती आणि जिने किती याच्याही आधी मी विचारते, नवं घर कुठल्या काउन्सिलच्या हद्दीत येतं? लेस्टरमधल्या आपल्या माणसांना सरकारी पत्रं वाचून दाखवता दाखवता ही सवय लागली. कामाच्या वयातल्या भाडेकरूला हाउसिंग बेनिफिट, म्हणजे भाड्याची मदत, काउन्सिल देत असे. त्याच हद्दीत घर बदललं तर तो चालू राही. हद्द ओलांडली की बंद, आणि जुन्या भत्त्यांच्या जागी आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटचा नवा अर्ज. पहिले पैसे यायला पाच आठवडे. त्या अर्जासरशी आजारपणाचा जुना भत्ता संपे आणि एकट्या राहणाऱ्या तीव्र अपंगांना मिळणारा 'सिव्हिअर डिसॅबिलिटी प्रीमियम'ही जाई.

2018 साली हे प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं. टीपी आणि एआर एवढ्याच आद्याक्षरांनी ओळखली जाणारी दोन माणसं. टीपी कर्करोगावरच्या उपचारांसाठी लंडनला आले होते. एआर मिडल्सबरो सोडून हार्टलपूलला गेले, कारण जादा खोली असली की भाड्याची मदत कापायचा नियम 2013 पासून लागू झाला होता. दोघांचेही महिन्याला सुमारे 180 पौंड गेले. हौसेनं दोघांपैकी कुणीच हललं नव्हतं. एकाला दुखण्यानं हलवलं, दुसऱ्याला सरकारच्याच नियमानं, आणि हलल्याची शिक्षा मात्र दोघांना झाली. न्यायालयाने हा बेकायदा भेदभाव ठरवला, 2020 साली सरकारचं अपीलही फेटाळलं गेलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

पण प्रश्न मिटलेला नाही. जुन्या भत्त्यांवरून युनिव्हर्सल क्रेडिटवर आलेल्यांचं नुकसान होऊ नये म्हणून एक जादा रक्कम मिळते. माझ्या ओळखीच्या एक काकू गुडघे आणि कंबर साथ देईना म्हणून तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेल्या. भाडं थोडं जास्त. पुढच्या हिशेबात भाड्याच्या ओळीत वाढ दिसली आणि दोन ओळी खाली ती जादा रक्कम नेमकी तेवढ्यानेच घटलेली. "म्हणजे वरचं भाडं माझ्याच पैशातून गेलं की गं," काकू म्हणाल्या. हिशेब त्यांनी अचूक ओळखला होता. नियमच तसा आहे.

'पिप' या अपंगत्वाच्या भत्त्याचं तसं नाही. तो भाडं-उत्पन्न बघत नाही, इंग्लंडभर माणसाबरोबर जातो. स्कॉटलंडला गेलात तर मात्र तिथला वेगळा भत्ता लागू होतो, आणि तोवर 13 आठवडे पिप चालू राहतो. 2014 च्या केअर कायद्यानुसार, एका काउन्सिलकडून घरी मदतनीस येत असेल तर दुसऱ्या काउन्सिलला स्वतःची तपासणी होईपर्यंत तीच मदत सुरू ठेवावी लागते. अंघोळ घालायला येणारी बाई हद्दीपाशी थांबत नाही, मग पैसे का थांबावेत?

एवढ्यात एका मुलाला नव्या घरात व्हीलचेअरसाठी बाथरूम बदलून हवं आहे. काम होईपर्यंत जुनं घर सोडता येत नाही, नव्याचं भाडं सुरू झालंय. अशा वेळी एक महिन्यापर्यंत दोन्ही घरांच्या भाड्याला मदत मिळू शकते. त्याच्या आईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. उद्या तिच्याबरोबर बसून ते लिहून द्यायचं आहे.