‘किती’ नव्हे, ‘सारखे का?’

चहा कडक झालाय की फिका, हे रंग बघून कोणीही सांगते. पण कालच्यापेक्षा किती पट कडक, असे विचारले की डोळा गप्प बसतो. रंगावरून द्रावणाची तीव्रता मोजण्याचे शास्त्र डोळ्याचा हा दुबळेपणा मान्य करूनच उभे राहिले.

सुरुवात द्रावणापासून झाली नाही, हवेपासून झाली. चंद्र क्षितिजाकडे उतरला की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि मंद होतो. किती मंद, हे पियर बूगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२५ साली चंद्रप्रकाशाची मेणबत्त्यांशी तुलना करून मोजले. ‘किती उजळ’ हे त्याने डोळ्याला विचारलेच नाही. दोन पृष्ठभाग सारखे उजळ दिसतील असे मेणबत्त्यांचे अंतर ठेवायचे आणि मग ते अंतर मोजायचे. डोळ्याने फक्त साक्ष द्यायची, हिशेब फूटपट्टीने करायचा.

१७२९च्या ग्रंथात त्याने पुढचे पाऊल टाकले. सारख्या जाडीचा प्रत्येक थर ठरावीक प्रकाश गिळत नाही, तर वाट्याला आलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा गिळतो. पहिल्या थरानंतर शंभरातले ५० उरले, तर दुसऱ्यानंतर शून्य नव्हे, २५ उरतात, तिसऱ्यानंतर साडेबारा. उलट्या दिशेने चाललेली चक्रवाढच ही. १७६० मध्ये योहान लाम्बर्टने तिला नेटके गणिती रूप दिले.

तरीही हे सारे जाडीपुरतेच होते. तीव्रतेचा धागा त्यात गुंफला तो ऑगस्ट बीअरने, १८५२ मध्ये. रंगीत द्रावणांतून तांबडा प्रकाश सोडून त्याने दाखवले, की द्रावण निम्मे विरळ केले आणि थर दुप्पट खोल केला, तर शोषण तेवढेच राहते. उभ्या काचेच्या ग्लासात थोडा कोरा चहा घ्या, त्यात तेवढेच पाणी ओता. बाजूने चहा फिका दिसेल, वरून मात्र रंग होता तसाच. प्रकाशाच्या वाटेत रंगाचे कण पूर्वीइतकेच आहेत ना!

झ्यूल ड्युबॉस्कच्या रंगमापकाने नेमके हेच वापरले. शेजारी दोन द्रावणे, एक माहितीचे, एक अज्ञात. दोन्हींचे रंग जुळेपर्यंत खोली बदलायची. माहितीच्या द्रावणाला ४० मिलिमीटर लागले आणि अज्ञाताला २०, तर अज्ञात दुप्पट तीव्र. पुन्हा प्रश्न तोच : सारखे का?

पुढे डोळ्याची जागा प्रकाशविद्युत घटाने घेतली. दहावा हिस्सा पार झाला तर शोषणांक १, शंभरावा झाला तर २. असा लॉगरिदम घेतला की चक्रवाढीची वक्ररेषा सरळ होते आणि तीव्रता थेट वाचता येते. द्रावण फार दाट किंवा गढूळ असेल तर मात्र ही सरळ रेषा वाकते. डोळा गेला, तरी तुलना सुटली नाही : प्रयोगशाळेत आजही आधी नुसता द्रावक ठेवून यंत्र शून्यावर आणतात. बाकी सगळे सारखे केल्याशिवाय उरलेला फरक कशाचा, हे कळत नाही.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच कुळातला. तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून सोडून तो रक्तातला प्राणवायू सांगतो. पण बोटातले रक्त काढून ठेवून ‘नुसती त्वचा’ मोजता येत नाही. म्हणून तो नाडीबरोबर बदलणारा भाग तेवढा वेगळा काढतो आणि निरोगी माणसांवर आधी घेतलेल्या मोजमापांशी ताडून आकडा देतो. गडद त्वचेच्या रुग्णांत हा आकडा काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त येतो, हे अभ्यासांत दिसले आहे. आता डोळा मध्ये नाही, तरी बूगेचा प्रश्न टळलेला नाही. फक्त तो आता यंत्राला विचारायचा : ज्यांच्याशी ताडून पाहिलेस, ती बोटे या बोटासारखी होती का?