दिशांची मर्यादा

माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. बेंगळुरूहून सुमारे १४,००० किलोमीटर. थेट विमान असलं, तरी सोळा-सतरा तास लागतील. जानेवारी २०२१मध्ये तिथून बेंगळुरूला पहिलं थेट विमान बायकांनीच उत्तर ध्रुवावरून आणलं, तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं!

आता मी तिकडे निघालेय, आणि श्रावकाचं दिग्व्रत आठवतंय. दाही दिशांना जाण्याची मर्यादा ठरवायची, म्हणजे त्यापलीकडे आपल्या हातून हिंसा नाही, लोभ नाही. एवढं लांब जाणारीनं हे व्रत घ्यावं तरी कसं?

मग लक्षात आलं, एका दिशेची मर्यादा तर मी कधीच घालून बसलेय. धाकटी जाऊ निपाणीला राहते. बेळगावहून जेमतेम दीड तास. जमिनीच्या वाटणीनंतर नऊ वर्षं मी तिकडे फिरकले नाही. क्षमावाणीला सगळ्यांना फोन करते, तिला नाही. ही मर्यादा संयमाची नव्हे, मानकषायाची.

मैत्रिणींनो, सतरा तास बसायला तयार असलेल्या बाईला दीड तास का जड जावा? विमान पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी निपाणीची बस धरायची, असं ठरवलंय.