गावातलं गावात

आमच्या गावी पाण्यावरनं भांडण झालं तेव्हा माझा आजा तालुक्याला गेला. पायी. जवळ शाळामास्तरानं लिहून दिलेला अर्ज. संध्याकाळी परत आला तर वाडा चिडीचूप, आणि चावडीवरनं बोलावणं आलेलं. पाटील मारायला उठला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "गावातलं गावात मिटवायचं सोडून तालुक्याला का गेलास रं? गावाची अब्रू घालवलीस." आजा उभाच होता. त्याला बस म्हणायची पद्धत नव्हती.

हे वाक्य पुढं मी कितीदा ऐकलं. मोठ्या माणसांच्या तोंडून, उत्तम इंग्रजीत. तिथं त्याला 'अंतर्गत बाब' म्हणतात. परराष्ट्र धोरण हा विषय आपल्या वस्तीत कुणी काढत नाही. रेशन, शिष्यवृत्ती, घरकुल, पोराची नोकरी यातनं डोकं वर निघेल तेव्हा न्यूयॉर्क आणि जिनिव्हा. पण मित्रहो, जिनिव्हात आपल्याबद्दल बोललं जातं. आणि आपल्या वतीनं बोलतो तो पाटीलच.

आधी १९४६ सालची हकीगत सांगतो, कारण ती कुणी नीट सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारनं त्या वर्षी कायदा केला. नाताळ प्रांतातल्या हिंदी लोकांनी जमीन कुठं घ्यायची, कुठं राहायचं, ते सरकार ठरवणार. म्हणजे गावकूसच, फक्त कायद्याच्या भाषेत. दरबान शहरात लोकांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. भारतानं हे गाऱ्हाणं नव्या कोऱ्या संयुक्त राष्ट्रसंघापुढं नेलं. आपण तेव्हा स्वतंत्रही झालो नव्हतो. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. समोर जनरल स्मट्स. राष्ट्रसंघाच्या सनदेची प्रस्तावना रचण्यात ज्याचा हात होता, तोच हा स्मट्स. तो म्हणाला, सनदेचं दुसरं कलम, सातवं पोटकलम बघा, देशाच्या अंतर्गत बाबीत राष्ट्रसंघानं पडायचं नाही. गावातलं गावात!

भारताचं म्हणणं उलट होतं. माणसाला कातडीवरनं खाली दाबलं जातं तेव्हा तो एका देशाचा खासगी मामला राहत नाही. ८ डिसेंबर १९४६ ला मतदान झालं. बाजूनं ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. भारत जिंकला. दक्षिण आफ्रिकेशी व्यापारही आपण त्याच साली तोडला. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो. हे उपरोधानं लिहीत नाही. फाटक्या खिशाच्या देशानं व्यापारावर पाणी सोडून घेतलेली ती भूमिका होती.

पण त्याच १९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी अमेरिकेत डॉ. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या काळ्या लोकांनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. अस्पृश्यही तसं करायच्या विचारात आहेत, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, असं विचारलं. ड्युबॉइसनी महिन्याभरात आस्थेनं उत्तर दिलं. समुद्रापलीकडं दोन वाडे एकमेकांना अर्जाचा नमुना मागत होते.

मग काय झालं? ते बाबासाहेबांनीच १९५१ साली मंत्रिपद सोडतानाच्या निवेदनात सांगितलंय. राष्ट्रसंघासाठी अहवाल तयार केला होता. दिला नाही. घटना समितीला आणि पुढच्या संसदेला एक संधी द्यावी असं त्यांना वाटलं. इथं मी दरवेळी थांबतो. अहवाल तयार, पत्ता माहीत, आणि हा माणूस कागद परत पेटीत ठेवतो. का? भ्याला म्हणावं तर तो भिणारातला नव्हता. ती त्यानं देशाला दिलेली उधारी होती. ज्या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवू दिला नाही, त्या घराची अब्रू त्यानं राखली. आता माझा प्रश्न असा, की उधारी देणाऱ्यानं किती वर्षं थांबायचं, आणि थांबणं संपलं हे कुणी ठरवायचं? ज्यानं घेतली त्यानं?

२००१ साली दरबानमध्येच, होय त्याच दरबानमध्ये, राष्ट्रसंघाची वंशवादविरोधी परिषद भरली. आपली माणसं तिथं गेली, निदर्शनं केली. भारत सरकारची भूमिका ठरलेली होती. जात म्हणजे वंश नव्हे, आमच्या घटनेत आणि कायद्यात तिची तजवीज आहे, परिषदेनं देशांच्या आत समाजसुधारणा करत बसू नये. शेवटच्या जाहीरनाम्यात जात हा शब्द आला नाही. पंचावन्न वर्षांत आपण स्मट्सची खुर्ची पटकावली होती.

जात म्हणजे वंश नव्हे, हे खरंच आहे. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ते सोदाहरण मांडलंय. पण १९६५ सालच्या आंतरराष्ट्रीय करारात वंश आणि रंगाच्या जोडीनं 'कूळ' अशा अर्थाचा एक शब्द आहे, आणि तो घालायचा आग्रह भारताचाच होता. राष्ट्रसंघाच्या समितीनं १९९६ साली सांगितलं की या शब्दात जात येते. आपण म्हणालो, येत नाही. स्वतः बांधलेल्या घरात स्वतःच्याच माणसाला शिरू द्यायचं नाही, ही आपली जुनी कारागिरी!

याहून मौज पुढं आहे. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीत पंतप्रधान मनमोहन सिंग म्हणाले की अस्पृश्यतेला तोड एकच, दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी जिनिव्हात त्यांच्याच सरकारच्या शिष्टमंडळानं सांगितलं, जात या करारात बसत नाही. घरात कबुली, बाहेर कानावर हात. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मुठीत बोटं कुणाची चेंगरतात?

माझा एक मित्र, चळवळीतलाच, चिडतो. म्हणतो, तू कुणाच्या दारात गाऱ्हाणं नेतोयस? अमेरिकेच्या? दरबानमधनं ती इस्रायलवरच्या मजकुरावरनं मध्येच उठून गेली. गुलामांच्या व्यापाराची भरपाई म्हटलं की युरोपच्या पोटात गोळा येतो. हे लोक तुझं दुःख तराजूत घालतील आणि त्यावर करार करून घेतील.

त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. बड्या राष्ट्रांना माणुसकीचा उमाळा येतो तेव्हा आधी त्यांचा खिसा बघावा. दुसऱ्याच्या घरातला अन्याय हे निमित्त करून किती देश बेचिराख केले गेले ते आपण पाहिलंय. सार्वभौमत्व ही दुबळ्या राष्ट्राची काठी आहे, ती फेकून द्या असं मी म्हणणार नाही. पण काठी कुणावर उगारली जाते ते बघाल की नाही? बाहेरच्या दांडग्यावर उगारली तर मी शेजारी उभा राहीन. घरातल्या दुबळ्याच्या तोंडावर आडवी धरली तर ती माझी कशी?

आणि तालुक्याचा फौजदार तरी कुठं संत होता? आजाला ते पक्कं ठाऊक होतं. हवालदार गावात आला, पाटलाकडं चहा प्याला, विहीर लांबनंच बघितली आणि गेला. पाणी काही त्या वर्षी मिळालं नाही. वर दोन महिने दुकानदारानं वाड्याला मीठ-मिरची दिली नाही. आजी बोलून बोलून थकली, काय मिळवलंस जाऊन?

पण एक झालं. हवालदार गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः वाड्याच्या तोंडाशी आला. जन्मात आला नव्हता. आत शिरला नाही, बाभळीखाली उभा राहिला. "त्या कागदात माझं नाव काय म्हणून घातलंय?" असं त्यानं विचारलं. आवाज चावडीवरचा नव्हता.

आजाला वाचता येत नव्हतं. म्हणाला, "जे झालं ते घातलंय."

"अन् तो कागद हाय कुठं आता?"

"तालुक्याला," आजा म्हणाला, आणि तंबाखू मळत बसला. बसूनच बोलला.