प्रवासात हुकलेली एकादशी

सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी संपते. हा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. उपवासाचा दिवस मात्र सामान्यतः स्थानिक सूर्योदयावर ठरतो: उजाडताना जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एकादशी कधीकधी पुण्याच्या आदल्या दिवशीच येते. (स्मार्त आणि भागवत एकादशीचा भेद इथे बाजूला ठेवला आहे.)

समजा, उन्हाळ्यात एकादशी मंगळवारी सकाळी १० वाजता लागली आणि बुधवारी सकाळी ९ वाजता संपली. मुंबईचा उपवास बुधवारी. साडेनऊ तास मागे असलेल्या न्यूअर्कमध्ये हीच तिथी मंगळवारच्या मध्यरात्री १२.३० पासून रात्री ११.३० पर्यंत असते, म्हणून तिथला उपवास मंगळवारी. आता मंगळवारी रात्री ११ वाजता मुंबईहून निघालेला माणूस सोळा तासांनी, बुधवारी पहाटे न्यूअर्कला उतरतो. निघाला त्या दिवशी उजाडताना दशमी होती. उतरल्यावर उजाडते तेव्हा द्वादशी. मग त्याचे व्रत चुकले का?

नियमाचे अक्षर धरले तर त्याला एकादशी आलीच नाही. पण हा नियम एका जागी राहणाऱ्यांसाठी घडला. तिथी तर विमानातही त्याच्याबरोबर होती, आणि व्रत गावाचे नसते, माणसाचे असते. तेव्हा तिथी चालू असेपर्यंत त्याने उपवास करावा, हे अधिक सरळ.

शरीरालाही सूर्योदयाचाच आधार लागतो, फक्त ते लगेच मानत नाही. मेंदूतले घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागते आणि अंधारात पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. देकार्तने सतराव्या शतकात याच ग्रंथीला आत्म्याचे मुख्य स्थान मानले होते. आज तिच्याकडे रात्रीची वर्दी देण्याचे काम उरले आहे. न्यूअर्कला उतरलेल्याची ग्रंथी काही दिवस मुंबईचीच रात्र पाळते. घड्याळ दिवसाला साधारण एक-दीड तासच सरकते. तिथल्या झोपेच्या वेळी घेतलेली मेलाटोनिनची अर्ध्या ते पाच मिलिग्रॅमची गोळी नवी रात्र कळवते, आणि संध्याकाळचा उजेड अंगावर घेतल्यास घड्याळ मागे सरकायला मदत होते. भलत्या वेळी घेतलेली गोळी मात्र उलटा परिणाम करू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

अशा गोळीने उपवास मोडतो का, ही शंका धर्मशास्त्राच्या जुन्या निबंधकारांनी आधीच मिटवली आहे: पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांबरोबर औषधही व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींत मोजलेले आहे.